युनिसायकलच्या फ्रेमवर पाय टिकत नाही? आधी खडू आणा

मागच्या पावसाळ्यात माझ्या युनिसायकलनं, म्हणजे एकचाकी सायकलनं, माझी ट्रॅकपँट खाल्ली. झालं असं की बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये वन फूटची प्रॅक्टिस चालली होती, डावा पाय पेडलवर, उजवा वर फ्रेमवर ठेवलेला, तीनचार फेरे बरे गेले आणि मग उजव्या पायाची टाच आत घसरली आणि फ्रेमच्या मागच्या बाजूनं टायरला लागली. आता चाक पुढं जात असताना टायरचा वरचा भाग पण पुढंच फिरत असतो, म्हणजे फ्रेमच्या मागं जे काय लोंबतंय ते सगळं ओढून फ्रेमखाली घालतो. पँटची कड आत गेली, चाक जागेवर थांबलं, आणि मी दोन्ही हात पुढं करून फरशीवर. खालच्या मजल्यावरचे आजोबा गाडी पुसत होते, ते एवढंच म्हणाले, "सर्कशीत जायलाईस काय रे?"

त्यानंतर दोनतीन महिने मी फ्रेमवर काय काय चिकटवलं, काढलं, परत चिकटवलं, त्यातलं जे टिकलं ते खाली लिहितोय. जे फसलं ते पण लिहितोय, कारण ते जास्त उपयोगाचं आहे. ज्यांना साधं चालवता येतं आणि आता वन फूट, ग्लाइडिंग, कोस्टिंग असल्या ट्रिकांकडं वळायचंय त्यांच्यासाठी हे आहे. अजून भिंत धरून चालवत असाल तर फ्रेमच्या ग्रिपचा विचार आत्ता करू नका, तुमचे दोन्ही पाय पेडलवरच असू देत.

आधी एक शब्द क्लिअर करतो. सीटच्या खाली जी उभी नळी येते ती सीट ट्यूब, आणि ती जिथं फ्रेमच्या दोन पायांना, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या नळ्यांना, मिळते, टायरच्या बरोबर वर, तो आडवा भाग म्हणजे क्राउन. पाय ठेवायची जागा हीच. काही फ्रेमचा क्राउन सपाट चौकोनी असतो, बाकावर बसल्यासारखा पाय बसतो, काहींचा गोल, उतरत्या खांद्यासारखा. विकत घ्यायच्या आधी हे वाचत असाल तर ट्रिकसाठी सपाट क्राउनचीच घ्या, निम्मं काम तिथंच झालं. गोल क्राउनवाल्यांनी नाराज होऊ नका, त्यावरपण उपाय आहे, पुढं येतोच.

कुठल्या ट्रिकला किती ग्रिप

हे मला लई उशिरा कळलं. मला वाटायचं जेवढी ट्रिक अवघड तेवढी ग्रिप जास्त पाहिजे. तसं नाही.

वन फूटमध्ये तुमचं बहुतेक वजन सीटवर असतं, क्राउनवरचा पाय नुसता टेकलेला असतो. पाय जेवढा दाबला जातो तेवढंच घर्षण मिळतं, आणि इथं तो दाबलाच जात नाही, म्हणून सगळ्यात सोप्या ट्रिकमध्ये पाय सगळ्यात जास्त घसरतो. म्हणजे खरबरीत पृष्ठभाग सगळ्यात जास्त गरजेचा इथंच. ग्लाइडिंगमध्ये एक पाय क्राउनवर आणि दुसऱ्या बुटाचा तळवा टायरवर हलकासा घासत ब्रेकसारखा वापरायचा असतो, तिथं क्राउनवरच्या पायाला मध्यम ग्रिप लागते, कारण मधेमधे तो पाय थोडा फिरवून जागा बदलावी लागते. फार चिकट असेल तर पाय अडकतो. कोस्टिंगमध्ये दोन्ही पाय क्राउनवर, पेडल नाही ब्रेक नाही, नुसतं बॅलन्सवर जायचं, तिथं दोन्ही पाय एकसारखे बसलेत का हे जास्त महत्त्वाचं. आणि स्टँड-अप, म्हणजे सीट सोडून क्राउनवर उभं राहायचं, तिथं तर अख्खं वजन क्राउनवर, घर्षण भरपूर, पाय सरकत नाहीच, तो कडेवरून कलंडतो. तिथं टेप लावून काही होत नाही, पाय थोडा तिरका ठेवून क्राउनचा जास्तीत जास्त भाग तळव्याखाली आणायला लागतो.

म्हणून "पाय घसरतोय" म्हणताना नक्की काय होतंय ते बघा. सरकतोय का कलंडतोय?

जाता जाता एक, इंटरनॅशनल युनिसायकलिंग फेडरेशनच्या स्टँडर्ड स्किल प्रकारात पाय फ्रेमवर ठेवून वन फूट आणि रिकामा पाय हवेत लांब करून वन फूट या दोन वेगळ्या स्किल धरतात. तेव्हा कुणी म्हणालं की पाय फ्रेमवर टेकवणं म्हणजे चीटिंग, तर त्याला हे सांगा.

खडूची टेस्ट

आता मेन गोष्ट. टेप आणायच्या आधी फळ्यावरचा खडू आणा, घरात शाळेतलं पोरगं असेल तर दप्तरात असतोच. (आईच्या रांगोळीला हात लावू नका, मी लावला होता.) फ्रेम काळी असेल तर पांढरा, पांढरी असेल तर रंगीत. क्राउन कोरड्या फडक्यानं पुसा आणि मग वरचा सपाट भाग, पुढची कड, मागची कड, आणि सीट ट्यूबचा खालचा साताठ सेंटिमीटर भाग, सगळीकडं खडू घासून पांढरं करा. बुटाचा तळवा ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या. मग दहा वेळा ट्राय मारा, पडलात तरी चालेल, पण दहा वेळा पाय उचलून क्राउनवर ठेवा. उतरा आणि बघा खडू कुठं पुसला गेलाय.

माझं काय निघालं माहितीये? मी आधी क्राउनच्या वरच्या सपाट भागावर मस्त चौकोनी टेप लावून ठेवली होती, आणि खडू त्या भागावर जवळजवळ तसाच राहिला होता. पुसला गेला होता पुढच्या कडेवर, एक बोटभर पट्टी, आणि सीट ट्यूबच्या उजव्या बाजूला, क्राउनपासून साधारण ४ सेंटिमीटर वरपर्यंत. म्हणजे माझा पाय सपाट बसतच नव्हता, टाच वर राहायची, चवडा पुढच्या कडेवर टेकायचा आणि बुटाची आतली बाजू नळीला दाबली जायची. मी जिथं टेप लावली तिथं पाय नव्हता आणि जिथं पाय होता तिथं गुळगुळीत पेंट.

बुटाचा तळवा पण उलटा करून बघा, खडूचा डाग कुठं आलाय. चवड्याच्या गोल फुगीर भागावर आला असेल तर पाय फार मागं ठेवताय, कमानीच्या पुढच्या टोकाला आला असेल तर बरोबर जमतंय. मला स्वतःला कमान क्राउनवर आणि टाच थोडी बाहेर, म्हणजे पायाची बोटं किंचित आत वळलेली, असं ठेवलं की बुटाची आतली कड नळीला आपोआप दाबली जाते आणि टाच टायरपासून लांब राहते. तुमचं वेगळं निघू शकतं, पाय लांब असतील तर गुडघा वर येतो आणि मग सगळंच बदलतं. सीट दोन सेंटिमीटर वर घेऊन परत खडूची टेस्ट करा, फरक दिसेल.

ही टेस्ट डाव्या आणि उजव्या दोन्ही पायांची वेगवेगळी करा. डावा उजव्यासारखा बसत नाही.

बूट आणि साफसफाई

हे पटकन सांगतो. जाड खाचांचे रनिंग शूज नकोत, खाचांमध्ये क्राउनची कड अडकते किंवा मग दोन खाचांच्या मध्ये पाय डुलतो. सपाट, मऊ रबरी तळव्याचे बूट पाहिजेत. शाळेतले पांढरे पीटीचे बूट नवे असताना एकदम झकास चालतात, तळवा पातळ असल्यामुळं क्राउन पायाला जाणवतो, पण घोट्याला काही आधार नाही हे धरून चाला. लेस आत खोचा. पँट घट्ट किंवा तीनचतुर्थांश, माझी गोष्ट वर वाचलीतच.

क्राउन साफ करायचा तर नेल पॉलिश रिमूव्हर किंवा थिनर पेंटवर ओतू नका, पेंट मऊ पडतो. पावडर कोटिंगवर पण आधी दिसणार नाही अशा जागी थेंब टाकून बघा. मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन दोनदा पुसा, बस. चेनचं ऑइल इथं येत नाही कारण साध्या युनिसायकलला चेनच नसते, पण हाताचा घाम, सिलिकॉन पॉलिश, आणि आपल्याकडची लाल माती, ही तिन्ही मिळून एक चिकट थर तयार होतो तो बघूनच कळत नाही. कित्येकांची ग्रिपची तक्रार नुसतं पुसून जाते, खरंच.

पेंट फार चकचकीत असेल तर २२० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन ज्या भागावर टेप येणार तेवढ्याच भागावर हलक्या हातानं चारपाच वेळा फिरवा. चमक गेली पाहिजे, पेंट नाही गेला पाहिजे. स्टीलची फ्रेम असेल आणि पेंट निघाला तर बेळगावच्या जून-जुलैमध्ये आठवड्यात तिथं गंज दिसणार.

टेप

दोन प्रकार. एक स्केटबोर्डवर लावतात ती ग्रिप टेप, साधारण २३ बाय ८४ सेंटिमीटरची शीट येते, त्यात चारपाच वेळचं काम होतं. बेळगावात रोलर स्केटिंगची पोरं गल्लोगल्ली आहेत पण दुकानात चाकं, बेअरिंग, हेल्मेट मिळतं, स्केटबोर्डची टेप मला तरी मिळाली नाही, ऑनलाइन मागवली. दुसरी म्हणजे जिन्याच्या पायऱ्यांवर लावतात ती अँटी-स्किड टेप, ही निपाणी, खानापूर, चिकोडी कुठंही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल, १ इंची आणि २ इंची रोल असतो, बरेच दुकानदार मीटरवर पण देतात. मी खडेबाजारात घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "मेट्टिलिगा?" म्हणजे पायऱ्यांसाठी का, मी म्हटलं "इल्ला री, सायकलिगे", त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा टेपकडं, आणि अर्धा मीटर कापून दिली.

फरक असा की पायऱ्यांच्या टेपचा दाणा बऱ्याचदा जास्त मोठा आणि टेप जाड, वाकवली की कडेला उचलते. स्केटबोर्डची टेप पातळ, कडेवरून छान वळते. पुढच्या कडेवर लावायची असेल तर स्केटबोर्डचीच घ्या. सपाट भागाला पायऱ्यांची चालते आणि ती पावसात जास्त टिकली माझ्याकडं.

आता लावायची कशी. आधी जाड कागदाचा नमुना कापा, लग्नपत्रिका घरात ढीगभर असतात, ती क्राउनवर धरून बोटानं कड दाबा, उमटलेल्या रेषेवर कापा, परत ठेवून बघा. सीट ट्यूबला लागून जो भाग येतो तो अर्धगोल कापायला लागतो, तिथं नळीएवढं गोल झाकण नाहीतर नाणं ठेवून गोल काढा, नजरेनं काढू नका, वाकडं येतं. माझ्या २० इंची फ्रेमवर नळीच्या एकेका बाजूला जेमतेम ४ सेंटिमीटर जागा आहे, म्हणजे हे छोटंसंच काम आहे पण एक मिलिमीटर इकडंतिकडं झालं तरी दिसतं. नमुना टेपच्या मागच्या कागदावर ठेवून पेनानं आखा (उलटा ठेवायचा विसरू नका, मी दोन्ही तुकडे डावेच कापले होते) आणि मागूनच कापा. कात्री वापरलीत तर ती कात्री मेली, घरात शिव्या खाल. कटर ब्लेड घ्या आणि दोन कटनंतर ब्लेडचं टोक मोडून नवं घ्या.

तुकड्याचे सगळे कोपरे गोल करा. हे लई महत्त्वाचं आहे, टेप नेहमी कोपऱ्यातून सुटते, कोपरा नसेल तर सुटायला सुरुवात कुठून करणार?

पुढच्या कडेवर टेप वळवताना साधारण ८ ते १० मिलिमीटर खाली न्या, त्यापेक्षा जास्त नको. क्राउनच्या खालच्या बाजूला, टायरकडं तोंड असलेल्या भागावर, टेप अजिबात जाऊ देऊ नका. टायर आणि क्राउनमध्ये आधीच जागा थोडी असते, त्यात टेपची कड सुटली आणि टायरला लागली तर दोन मिनिटात टायरच्या मधोमध खरवडलेली रेष उमटते, कारण ती टेप म्हणजे शेवटी पॉलिश पेपरच आहे. चाकात हवा पूर्ण भरून, हातानं फिरवून, कान लावून ऐका. सर्र असा आवाज आला की टेप काढा.

चिकटवायच्या आधी फ्रेम थोडी गरम पाहिजे. उन्हाळ्यात गच्चीवर दहा मिनिटं ठेवली की झालं, पावसाळ्यात हवेतच एवढा ओलावा असतो की टेप चिकटल्यासारखी वाटते आणि दुसऱ्या दिवशी सुटते, तेव्हा हेअर ड्रायर फिरवा, क्राउन हाताला कोमट लागेपर्यंत. मग नळीच्या बाजूनं सुरुवात करून बाहेरच्या दिशेनं चिकटवत जा, हवा आत राहू नये. चमच्याच्या पाठीनं जोरात दाबा, कडेला दुप्पट जोरात. स्केटबोर्डवाल्यांची एक युक्ती इथं पण चालते, स्क्रू ड्रायव्हरची दांडी कडेवर आडवी घासत गेलं की टेपवर पांढरी रेष उमटते, बरोबर कडेची रेष, तिच्यावरून ब्लेड फिरवलं की फॅक्टरीसारखी कड येते. मग एक रात्र हात लावू नका.

एक सूचना, नवी टेप घोट्याची सालं काढते. पाय चुकून वरून घसरला तर नडगीला रेघोट्या. पहिले दोन आठवडे लांब मोजे घाला, किंवा टेप लावून झाल्यावर तिच्यावर जुना पॉलिश पेपर एकदोनदा घासा, वरचे टोकदार दाणे बोथट होतात आणि बूट पण वाचतो.

सीट ट्यूबकडं कुणी बघत नाही

खडूच्या टेस्टमध्ये नळीवरचा खडू पुसला गेला असेल तर इथं काम करा, आणि माझ्या मते वन फूटवाल्या दहातल्या बऱ्याच जणांचा पुसला जाणार. पाय खाली दाबता येत नाही पण आत, नळीवर, दाबता येतो, आणि तो दाब तुमच्या हातात असतो, म्हणजे पायात.

२५.४ मिलिमीटरचा सीट पोस्ट (सीटची नळीत जाणारी दांडी) असलेल्या फ्रेमची नळी बाहेरून साधारण २८.६ मिलिमीटर असते, म्हणजे घेर जवळपास ९० मिलिमीटर. पूर्ण गोल गुंडाळायची टेप असेल तर ९ सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर उंच तुकडा पुरतो. पण इथं ग्रिप टेप लावू नका, मांडी आणि पोटरीची आतली बाजू सोलून निघते, इथं रबर पाहिजे.

सगळ्यात स्वस्त म्हणजे पंक्चरवाल्याकडची फाटकी सायकल ट्यूब. ६ सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, सीट आणि क्लॅम्प काढायचा, नळीला साबणाचं पाणी लावून तो तुकडा वरून बाहीसारखा खाली सरकवायचा. घट्ट जायला पाहिजे, सैल असेल तर पायाखाली तो फिरतो आणि मग आहे त्यापेक्षा वाईट. साबण वाळायला एक दिवस. सीट परत लावताना पोस्टवरची खूण बघून तेवढाच आत घाला, उंची बदलली की पायाची जागा बदलते.

दुसरं, बॅडमिंटन रॅकेटची ग्रिप. पाठीमागं चिकट असते, तिरकी गुंडाळत जायची, शेवटाला टेप. घाम आणि पावसात ट्यूबपेक्षा बरी. आणि तिसरं, जे मला स्वतःला सगळ्यात आवडलं, क्रिकेट बॅटची रबरी ग्रिप. अर्धी कापून नळीवर चढवली, माझ्या फ्रेमवर घट्ट बसली, खाचा आडव्या असल्यामुळं बूट खाली सरकत नाही. चढवताना घरी बॅटला चढवतात तशीच आतून पावडर टाकून गुंडाळी करून चढवायची. सगळ्या गल्लीत क्रिकेट खेळणारे असतात, कुणाकडून तरी ती कला शिकून घ्या.

रबराचं एकच वाईट, ओलं झालं की साबण होतं.

गोल क्राउनवाले

गोल क्राउनवर टेप लावून अर्धंच काम होतं कारण पाय सरकत नाही पण कलंडतो, वर म्हटलं ते. इथं आकार बदलायला पाहिजे. मी एका मित्राच्या फ्रेमवर एम-सीलचा प्रयोग केला आणि तो चालला. क्राउन पॉलिश पेपरनं नीट खरबरीत करायचा, एम-सीलचे दोन्ही भाग एकरंग होईपर्यंत मळायचे, आणि क्राउनच्या बाहेरच्या उतारावर एक बारीक बांध घालायचा, शेताला घालतो तसा, ४-५ मिलिमीटर उंच. हाताला पाणी लावून गुळगुळीत करा. म्हणजे पाय बाहेर उतरायला लागला की त्या बांधाला अडतो. वाळल्यावर कानशीनं कडा मारा आणि सगळ्यावरून स्केटबोर्डची टेप. फार मोठा करू नका, एम-सील जोरात आपटल्यावर तुकडा उडतो, आणि चालवायच्या आधी दरवेळी हलवून बघायचं, हलत असेल तर काढून टाकायचं. शिकण्यापुरतं उत्तम आहे. शिकून झाल्यावर सपाट क्राउनची फ्रेम घ्यायचीच आहे, होय की नाही?

वाळू आणि अराल्डाइट

उद्यमबागमध्ये माझे मामा फाउंड्रीत आहेत, त्यांची आयडिया. त्यांनी बघितलं मी टेप तिसऱ्यांदा बदलतोय, म्हणाले अरे कोटिंग करून टाक की एकदाच. डब्यात थोडी बारीक वाळू दिली आणि वर बजावलं, "चाळताना तोंडाला फडकं बांध, ही धूळ छातीत गेली की बाहेर येत नाही." खरं आहे ते, सिलिकाची धूळ फुफ्फुसाला कायमची इजा करते, मास्क घाला, घरात चाळू नका.

पद्धत सोपी. ज्या भागावर खडू पुसला गेला होता तेवढा भाग सोडून बाकी सगळीकडं मास्किंग टेप. पॉलिश पेपर, अल्कोहोल. साधं अराल्डाइट, पाच मिनिटवालं नाही, दोन्ही ट्यूबमधून सारखं घेऊन नीट ढवळायचं, आइस्क्रीमच्या काडीनं पातळ थर लावायचा, आणि वरून वाळू चहाच्या गाळणीतून भुरभुरवायची, सगळा थर झाकेपर्यंत. दाबायचं नाही. १५-२० मिनिटांनी मास्किंग टेप काढायची, पूर्ण वाळायच्या आत, नाहीतर टेप आतच अडकते. रात्रभर ठेवा, पूर्ण एक दिवस दिला तर अजून चांगलं, मग ब्रशनं सुटी वाळू झाडा.

हे टेपपेक्षा लई जास्त टिकतं, पावसात सुटत नाही, कड उचलायचा प्रश्नच नाही. वाईट एवढंच की काढता येत नाही, खरवडून काढायला लागतं, म्हणून पायाची जागा पक्की झाल्याशिवाय हे करू नका. मी निदान महिनाभर टेपवर चालवा म्हणेन, दोनदा खडूची टेस्ट सारखी आली की मग.

हे करू नका

फ्रेमवर कानशीनं खाचा पाडू नका. स्टीलवर पण नको, अॅल्युमिनियमवर तर बिलकुल नको. क्राउनवर सगळा ताण येतो आणि खाच म्हणजे तडा सुरू व्हायला आयती जागा. भोक पाडून पट्टी बोल्टनं लावणं तर त्याहून वाईट.

आणि वेल्डिंग. माझ्या पहिल्या, स्वस्तातल्या स्टीलच्या फ्रेमला मी एका वर्कशॉपमध्ये क्राउनवर बारीक वेल्डचे ठिपके मारून घेतले होते, गॅस सिलिंडरच्या ट्रकच्या फळीवर असतात तसे, दिसायला काय मस्त. ग्रिप पण जबरदस्त. पण नळी पातळ, उष्णतेनं फ्रेमचा एक पाय इतका आत आला की चाक परत बसवताना बेअरिंग कपमध्ये तिरकं बसायला लागलं, आणि चालवताना कायम डावीकडं ओढ. ती फ्रेम आज गच्चीवर कुंडीला आधार आहे. अॅल्युमिनियमच्या फ्रेमचं तर आणखी अवघड, बऱ्याच फ्रेम हीट ट्रीटमेंट केलेल्या अॅल्युमिनियमच्या असतात, वेल्डच्या आजूबाजूला ती ताकद जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

ग्रिप लावल्यावर पहिला आठवडा

ग्रिप बसवली आणि लगेच जमलं असं होणार नाही, उलट पहिले दोन दिवस आधीपेक्षा बेकार जाईल. कारण आधी तुम्ही पाय क्राउनवर कसाही टाकून मग सरकवत जागेवर आणत होता, आता सरकत नाही. जिथं पडला तिथंच. म्हणून पाय उचलून एकदम वरून ठेवायची सवय करा. भिंत धरून उभं राहा, चाक न हलवता पन्नास वेळा पाय पेडलवरून क्राउनवर, परत पेडलवर. खाली न बघता. पाचसहा दिवसांत पायाला जागा पाठ होते. मग कुणाचा तरी खांदा धरून, मग एकटं. पाय वर नेतानाच त्याच्या आतल्या कडेनं नळीला हलकंसं दाबा, तो दाब हाच खरा ब्रेक आहे पाय घसरायला. मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट घाला, पार्किंगच्या कोबावर पडलं की हाताचाच बळी जातो.

देखभाल म्हणाल तर जुना टूथब्रश बॅगेत ठेवा. आपल्याकडची लाल धूळ दाण्यांच्या मध्ये जाऊन बसते, टेप दिसायला लालसर झाली की समजायचं ग्रिप निम्मी गेली, कोरड्याच ब्रशनं घासा, पाणी लावलंत तर चिखल होऊन आत बसतो. कड उचलायला लागली तर परत चिकटवत बसू नका, एकदा धूळ लागलेला गम परत धरत नाही. हेअर ड्रायरनं गरम करून हळूहळू, एका कोपऱ्यातून, अगदी तिरकी ओढून काढा, पटकन ओढलीत तर पेंट सोबत येतो. लग्नपत्रिकेचा तो नमुना मात्र जपून ठेवा, माझा टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे, डावा आणि उजवा असं लिहून.